रात्रीची सायकल: ल्युमेनच्या आकड्यामागे लागण्याआधी

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ४० मीटर लागतात. सगळे मिळून सत्तरच्या वर. आणि डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला, बिनदिव्याचा सायकलवाला पुष्कळदा ४०-५० मीटरवर आल्याशिवाय नजरेत येत नाही. ही तूट ड्रायव्हर कितीही सावध असला तरी त्याला भरून काढता येत नाही. ती आपल्याच बाजूने भरावी लागते, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. लागते ती थोडी समज.

सायकलच्या दिव्याची कामं दोन: आपण इतरांना दिसणं आणि आपल्याला रस्ता दिसणं. दोन्हींसाठी लागणारा दिवा वेगळा, बसवायची पद्धत वेगळी आणि खर्चही वेगळा. दुकानात गेल्यावर मात्र बहुतेकांचा सगळा जीव पुढच्या दिव्यात अडकतो. हजार ल्युमेन, दोन हजार ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) असे आकडे पाहून खिसा रिकामा होतो आणि मागच्या बाजूला एखादं फुकट मिळालेलं लाल बटण लटकतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. समोरून येणारं संकट निदान आपल्याला दिसतं. बाजूला होता येतं, थांबता येतं, ओरडता येतं. मागून येणाऱ्यापुढे आपण काहीच करू शकत नाही. तिथे आपल्या वतीने बोलणारा एकच, मागचा लाल दिवा. म्हणून पैसे आधी त्यावर घाला.

मागचा दिवा

रात्रीसाठी २० ते ५० ल्युमेनचा लाल दिवा पुरतो. त्याहून प्रखर दिवे मुख्यतः भर दिवसा दिसावं म्हणून असतात. रात्री तेच दिवे मागून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपवतात. प्रखरतेपेक्षा दिव्याची दिशा जास्त महत्त्वाची, आणि इथेच घोळ होतो. सीटखालचा दांडा सरळ उभा नसतो, तो मागे साधारण १७ अंशांनी कललेला असतो. त्याच्या पाठीवर दिवा तसाच चपटा बसवला तर तो मागे न बघता खाली बघतो. दिवा ८० सेंटिमीटर उंचीवर असेल तर त्याच्या झोताचा मध्य अवघ्या अडीच-पावणेतीन मीटरवर डांबराला टेकतो. म्हणजे ट्रकवाल्याला द्यायचा उजेड आपण रस्त्याला देत असतो. चांगल्या दिव्यांच्या पट्ट्यात हा कल भरून काढणारी रबरी पाचर असते. ती नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा घडी करून खालच्या बाजूला सरकवला तरी काम होतं. बसवल्यावर सायकल कुणाला तरी धरायला सांगा, पन्नास पावलं मागे जा आणि बघा. दिवा सगळ्यात प्रखर तिथून दिसला पाहिजे. सॅक, जॅकेटची मागची कड, कॅरिअरवरची पिशवी यांनी तो झाकला जात नाही ना, हेही त्याच वेळी कळतं.

लुकलुकता ठेवावा की स्थिर? लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष पटकन जातं, पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतोय याचा अंदाज बांधणं अवघड होतं. स्थिर दिव्याचं नेमकं उलटं. जर्मनीत सायकलवर लुकलुकता दिवा चालत नाही. ब्रिटनने २००५ पासून तो मान्य केला. दोन्ही देशांच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्यामुळे दोन दिवे लावणं सगळ्यात चांगलं: एक स्थिर, दुसरा सावकाश मंद-तेज होणारा. दोन असले की चार्जिंग संपून एक बंद पडला तरी आपण अंधारात गडप होत नाही. मागचा दिवा बंद पडलेला आपल्याला चालवताना कळतच नाही, हे लक्षात घेतलं तर दुसऱ्या दिव्याचा खर्च कुणालाही जड वाटू नये.

डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये वर्षभर एक प्रयोग झाला. ३,८४५ सायकलस्वारांपैकी १,८४५ जणांच्या सायकलींना चाकावरच्या चुंबकाने आपोआप चालणारे, दिवसरात्र पेटते राहणारे दिवे बसवले. उरलेल्या दोन हजारांना नाही. दिवेवाल्या गटात इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. दिवा संध्याकाळ झाल्यावर आठवणीने लावायची वस्तू न राहता सायकलचाच भाग झाला, यात मला त्याचं मोल दिसतं. आपल्याकडे तिन्हीसांजेला, दिवेलागणीच्या त्या धूसर अर्ध्या तासात अजून दिसतंय की म्हणून दिवा न लावणारे पुष्कळ. आपल्याला दिसत असतं हे खरं, पण प्रश्न आपण दिसतोय का हा आहे.

घोट्यावरची पट्टी

आता ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती गोष्ट. १९७३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी एक साधा आणि विलक्षण प्रयोग मांडला. माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावायचे आणि अंधारात फक्त ते ठिपकेच दिसतील असं चित्रण करायचं. माणूस स्तब्ध असला की बघणाऱ्याला निव्वळ विखुरलेले ठिपके दिसतात. तो चालू लागला की क्षणार्धात कळतं, हा माणूस आहे. जिवंत हालचाल ओळखायची आपल्या मेंदूची ही ताकद रस्त्यावर उपयोगी पडते.

ऑस्ट्रेलियात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री, बंद रस्त्यावर ड्रायव्हरांची हीच चाचणी घेतली. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखला गेला. भडक फ्लोरोसंट जाकीट घातलेला १५ टक्के वेळा. प्रकाश परतवणारं जाकीट घातलेला ५० टक्के वेळा. आणि त्याच जाकिटाबरोबर घोटे व गुडघ्यांवर तशाच पट्ट्या बांधलेला ९० टक्के वेळा. पेडल मारताना घोटे वर-खाली होतात आणि तो ताल ड्रायव्हरला सांगतो की पुढे सायकल आहे.

या आकड्यांत आणखी एक धडा आहे. पोपटी किंवा केशरी फ्लोरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री ते किरण नसतात, म्हणून दिवसा डोळ्यांत भरणारं जाकीट रात्री साध्या कापडासारखंच. हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत पाठवणारी चंदेरी पट्टी वेगळी. आपल्याकडे नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे ती मापाने कापून मिळते. घोट्याला वेल्क्रोची पट्टी, पेडलच्या दांड्यांवर एक-एक तुकडा, मागच्या मडगार्डवर एक मोठा तुकडा. शंभर रुपयांत होणारं काम आहे. फक्त ही पट्टी दिव्याची जागा घेत नाही. ती समोरच्याच्या हेडलाइटवर अवलंबून असते, आणि गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीचा हेडलाइट आपल्यावर पडतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पुढचा दिवा: किती उजेड, कुठवर

पुढच्या दिव्याची गरज वेगावर ठरते. दमट रस्त्यावर, दीड सेकंदाचा विचार करायचा वेळ धरून, ताशी १५ किलोमीटरला थांबायला सुमारे ९ मीटर लागतात. २५ ला १८ मीटर. ३० ला २४. म्हणजे वेग दुप्पट केला की अंतर अडीच पटींच्याही वर जातं. जेवढ्या अंतरात थांबता येतं, निदान तेवढा रस्ता स्वच्छ दिसायला हवा. शहरात दिव्याच्या खांबांखालून १५-२० च्या वेगाने जाणाऱ्याला १०० ते २०० ल्युमेन पुष्कळ झाले. खांब नसलेल्या रस्त्यावर २५ ने जायचं तर ३०० ते ५००. घाटाचा उतार असेल तर ६०० ते ८०० आणि जपून धरलेला वेग.

पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठे पडतो हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लक्स पाहायचे: एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पोचला. बागेतल्या पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की पाणी तेवढंच राहतं, पण लांबच्या कुंडीत पोचतं. ल्युमेन आणि लक्सचं नातं तसंच. जर्मन बनावटीच्या दिव्यांवर ५०, ८०, १०० असे लक्स लिहिलेले असतात, ते १० मीटरवर मोजलेले. अंतर दुप्पट झालं की लक्स एक चतुर्थांशावर येतात. १० मीटरवर ८० लक्स देणारा दिवा २० मीटरवर २० आणि ४० मीटरवर ५ लक्स देतो. याचीच दुसरी बाजू अशी की त्याच आकाराच्या झोताने दुप्पट लांबचं दाखवायला चौपट ल्युमेन लागतात. म्हणून ४०० वरून ८०० ल्युमेनवर गेल्यावर अपेक्षेइतका फरक जाणवत नाही.

झोताचा आकार हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि दुकानात सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. स्वस्त दिव्यांचा झोत टॉर्चसारखा गोल असतो. त्यातला जवळपास निम्मा उजेड वर झाडांच्या फांद्यांत आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दुसऱ्या प्रकारात भिंग किंवा आरसा असा घडवलेला असतो की उजेड वरच्या बाजूला एका आडव्या रेषेत कापला जातो, मोटारीच्या डिपरप्रमाणे, आणि सगळा रस्त्यावर पसरतो. असा ३०० ल्युमेनचा दिवा गोल झोताच्या ७०० ल्युमेनवाल्यापेक्षा रस्ता चांगला दाखवू शकतो आणि समोरच्याला त्रासही देत नाही. जर्मनीत रस्त्यावर चालवायच्या सायकलींना असेच दिवे सक्तीचे आहेत. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण निवड करायला कुणी अडवलेलं नाही. पर्याय असेल तर मी डोळे मिटून कापलेल्या झोताचा दिवा सुचवेन.

गोल झोताचा दिवा आधीच घेतला असेल तर निदान नीट कलवा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. हँडलवरचा दिवा जमिनीपासून १ मीटर उंच धरला आणि भिंतीवरचा प्रखर मध्य अर्ध्या मीटरवर आणला, तर तो मध्य रस्त्यावर १० मीटरवर पडतो. पाऊण मीटरवर आणला तर २० मीटरवर. शहरासाठी पहिला, मोकळ्या रस्त्यासाठी दुसरा. हँडलवर त्या कोनाची रंगाने बारीक खूण करून ठेवली की दर वेळी भिंत शोधावी लागत नाही.

दिवा हेल्मेटवर लावावा का? घाटाच्या वळणावर हँडलचा दिवा सरळ दरीत बघत असतो तेव्हा हेल्मेटचा दिवा वळणाच्या आत बघतो, हा त्याचा मोठा फायदा. पण तो एकटा पुरत नाही. डोळ्यांच्या अगदी जवळून गेलेला उजेड खड्ड्याची सावली पुसून टाकतो आणि खड्डा सपाट दिसतो. दिवा जितका खाली तितकी खड्ड्याची कड आणि रंग न दिलेला गतिरोधक जास्त उठून दिसतो. शिवाय हेल्मेटचा दिवा आपण ज्याच्याकडे बघू त्याचे डोळे दिपवतो.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे उसाच्या हंगामात रात्री सायकल चालवणाऱ्यांना पुढचा दिवा कशासाठी हवा हे सांगावं लागत नाही. ऊस रचलेली ट्रॉली, तिच्या मागे आणखी एक ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांमुळे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांमुळे, मागची चौकटही दिसत नाही. कारखाने आणि आरटीओ ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. पण रिफ्लेक्टरला चमकायला कुणाचा तरी उजेड लागतो, आणि त्या क्षणी तो आपल्याच दिव्याचा असावा लागतो.

खोके फोडण्याआधी बॅटरीचा हिशेब

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या दिव्यांवरचे आकडे खरे की खोटे हे घरबसल्या तपासता येतं. बॅटरीची क्षमता मिलीॲम्पिअर-तासात दिलेली असते. तिला हजाराने भागून ३.७ ने गुणलं की वॉट-तास मिळतात. आणि सायकलच्या दिव्यात एका वॉटला साधारण १०० ल्युमेन धरायला हरकत नाही. आता अंगठ्याएवढा दिवा घ्या: ५०० मिलीॲम्पिअर-तासांची बॅटरी, दावा १,००० ल्युमेनचा आणि ४ तासांचा. बॅटरीत आहेत १.८५ वॉट-तास. हजार ल्युमेनला लागतात १० वॉट. उत्तर येतं ११ मिनिटं. चार तास चालत असेल तर तो जेमतेम ४५-५० ल्युमेन देत असणार. दोन्हींपैकी एक आकडा थाप आहे.

पुष्कळ दिव्यांत १८६५० नावाचा सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीच्या या सेलची क्षमता २,६०० ते ३,५०० मिलीॲम्पिअर-तास असते. त्यावर ९,९०० लिहिलेलं दिसलं की ते दुकान सोडून पुढे जा. सेल काढता-घालता येणारा दिवा मला आवडतो, कारण दोन-तीन वर्षांनी सेल थकला की तेवढाच बदलता येतो आणि लांबच्या रात्री जास्तीचा सेल खिशात ठेवता येतो.

पाकिटावरचा रनटाइमही जरा थांबून वाचा. टॉर्चसाठी जी प्रमाणित मोजणी पद्धत प्रचलित आहे, तिच्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. ‘५ तास’ म्हणजे पाचही तास सारखाच उजेड असं नव्हे. त्यात एलईडी तापला की दिवा स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो. सायकल थांबलेली असताना वारा नसतो, तेव्हा जास्तच. रोजच्या वापरात वरून दुसरी पायरी ठेवावी. बॅटरी टिकते आणि डोळ्यांना फरक फारसा कळत नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करणाऱ्यांसाठी हाच हिशेब लांबवता येतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० अशी मुदत असते. तीनशेच्या पुढे रात्र टळतच नाही. हिवाळ्यात अंधार ११-१२ तासांचा. ३०० ल्युमेनने चालवलं तर ३ वॉट गुणिले १२, म्हणजे ३६ वॉट-तास. दहा हजार मिलीॲम्पिअर-तासांच्या पॉवरबँकेत कागदावर ३७ वॉट-तास असतात, पण चार्ज करताना पाव भाग तरी वाया जातो. म्हणजे दिव्यातली स्वतःची बॅटरी अधिक पॉवरबँक असं धरूनच निघावं, आणि चार्जिंग चालू असताना पेटतो असा दिवा आहे ना, हे निघण्याआधी घरी बघावं. काही दिवे तार जोडली की बंद होतात.

यातून सुटायचा जुना मार्ग डायनॅमोचा. आपल्या काळ्या सायकलींच्या टायरला घासत घूं घूं करणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॉट द्यायचा: पुढच्या बल्बला २.४, मागच्याला ०.६. तारेचा तो बल्ब पिवळट २५-३० ल्युमेन देत असे. आज तीच वीज एलईडीला दिली तर अडीचशेच्या वर मिळतात. फरक घडवला तो निळ्या एलईडीने, ज्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर चढवलेला पिवळा थर. आताचे डायनॅमो चाकाच्या हबमध्येच बसतात, आवाज करत नाहीत आणि सिग्नलला थांबल्यावरही दिवा काही मिनिटं मिणमिणत ठेवतात. महाग आहेत, पण रोज रात्रपाळीला जाणाऱ्याला चार्जिंगची आठवण ठेवायची गरज उरत नाही.

पाऊस आणि समोरचा अप्पर

पावसाळ्यात दोन गोष्टी बदलतात. ओलं डांबर उजेड पुढच्या पुढे पाठवून देतं, आपल्याकडे परत येतो तो थोडाच. म्हणून कालपर्यंत पुरणारा दिवा आज कमी पडतो. आणि पाण्याने भरलेला खड्डा सपाट काळ्या डागासारखा दिसतो. याला दिव्याचा उपाय नाही, काळ्या डागावर चाक न घालणं हाच. दिव्यावर आयपीएक्स अशी पाणी सोसण्याची श्रेणी लिहिलेली असते: ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसणारा, ६ म्हणजे जोरदार फवारा सोसणारा, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. ७ वाला फवाराही सोसेलच असं नसतं, कारण चाचण्या वेगळ्या आहेत. कोकणात, मावळात चालवायचं तर ६ बघा. आणि दिवा कितीही चांगला असो, चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं नसेल तर पाणी आत जाणारच.

समोरून अप्पर मारत येणाऱ्या गाडीकडे नजर खेचली जाते. तिच्याकडे बघू नका. डाव्या कडेची पांढरी पट्टी पकडा आणि वेग कमी करा. एक डोळा मिटून ठेवला तर गाडी गेल्यावर तो अंधाराला सरावलेलाच असतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, जायला एक झोत पुरतो. वय वाढलं की हे आणखी जड जातं: विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. घरातले आजोबा पहाटे फिरायला सायकल काढत असतील तर त्यांना तुमच्यापेक्षा चांगला दिवा घेऊन द्या.

पहाटे दूध, पेपर टाकणारे, एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून येणारे, क्लासवरून उशिरा परतणारी मुलं, यांच्यापैकी अनेकांचं बजेट पाचशे रुपयांच्या आतलं असतं. त्यात पुढचा मोठा दिवा बसवायचा हट्ट नको. घोटे, पेडल आणि मडगार्डला रेडियम, मागे एक बऱ्यापैकी लाल दिवा, पुढे छोटा पांढरा, आणि खांब असलेला रस्ता लांबचा असला तरी तोच. पैसे साठले की दुसरा लाल दिवा, मग पुढचा. चार्जिंगसाठी वार ठरवून टाका, आणि बाजारात सायकल लावताना दिवे काढून खिशात घाला.